कॉलरच्या आत

टाळ्या संपायच्या आतच
मी जिन्याखालून बादल्या काढते.
लाल, प्लास्टिकच्या. एरवी ज्यांत आम्ही
घामट कॉलरी भिजत घालतो, त्याच.
कितीही पुसा, साबणाचा वास जात नाही.

वर रंगमंचावर बर्नडेट हात उंच करते.
डोक्यावर राणीचा मुकुट, आणि बोलते मात्र
शेजारणीकडे विरजण मागावं तसं:
मंडळी, दोनच मिनिटं. दारात आमची पोरं उभी आहेत.
कुणाला जेवणाचा डबा पोचवायचाय, कुणाचं भाडं थकलंय,
कुणाला दवाखान्यात न्यायला गाडी हवीय.
आजाराचं नाव ती अगदी शेवटी घेते,
आणि तिसऱ्या रांगेत कुणीतरी
खुर्चीखाली हातमोजे शोधू लागतं.

क्लीव्हलँड. डिसेंबर.
दार उघडलं की सरोवरावरचा वारा थेट आत.
निळ्या कोटातला ऑगी, वय एकोणीस,
टोलीडोहून मागच्याच आठवड्यात आलेला,
बादली पोटाशी धरून उभा.
रंगवलेली मिशी घामानं ओठांवर उतरलीय.
‘जमेल तेवढं,’ म्हणतो तो प्रत्येकाला,
‘जमेल तेवढं,’ आणि लाजतो,
जणू स्वतःसाठीच मागतोय.

तो कोट मी तीनदा आत घेतला होता.
रुडीसाठी.
सप्टेंबरात अर्धा इंच. गोड बंद केलंय, म्हणाला.
ऑक्टोबरात आणखी एक.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या, बरं झालं,
बोलावं लागलं नाही.
मग खांद्यांत कापूस.
मग मानेवरचा डाग झाकायला
कॉलर बोटभर उंच.
डॉक्टरांनी त्याला सांगितलं, त्याच्या आधी
माझ्या टेपला कळलं होतं.

ऑगीसाठी सगळं उसवलं.
जुन्या टाक्यांची भोकं राहिलीच.
दिव्यासमोर धरलं तर दिसतात,
मुंग्या निघून गेल्यावरची वाट.

गर्दी ओसरली तेव्हा एक म्हातारा आला.
हातात तिकीट, न फाडलेलं.
दोन तास तो लॉबीतच बसून होता,
तिकीटवाली मला नंतर म्हणाली.
बादलीत शंभराची नोट टाकून
पावती मागितली.
ऑगीनं माझ्याकडे पाहिलं.
पावती? आमच्याकडे कसली पावती?
मी धोब्याच्या चिठ्ठीची मागची बाजू पुढे ओढली.
कुणाच्या नावानं?
तो एकेक अक्षर सांगू लागला,
झेड, यू, पी,
आणि माझा हात त्याच्या पुढे धावला.
झुपानचिच. मी पूर्ण लिहून टाकलं.
तो थांबला.
लोक नेहमी चुकवतात, म्हणाला.

मी सांगू शकले असते.
समोर उभ्या पोराच्या खांद्यावर
बोट ठेवून सांगू शकले असते.
त्यानं चिठ्ठीची चौकोनी घडी घातली,
पुन्हा एक घडी घातली,
ऑगीला म्हणाला, गारठ्यात उभा राहू नकोस, पोरा,
आणि गेला.

तळघरात इस्त्रीच्या टेबलावर मोजणी.
टेबल अजून कोमट, नाणीही कोमट होतात.
अकराशे सेहेचाळीस डॉलर, एक बसचं टोकन,
एक खोकल्याची गोळी, कागदासकट.
बर्नडेट मुकुट काढून दोनदा मोजते,
दोन्ही वेळा आकडा वेगळा.

मग मी कोट उलटा करते.
कॉलरच्या आत पांढरी फीत, तिच्यावर नावं.
आमच्यात रीत आहे:
नवा आला की जुन्या नावावर रेघ.
हॅरल्ड, रेघ. मॉरिस, रेघ.
रुडीखाली मी ऑगी लिहिते
आणि पेनाला टोपण लावते.

उद्या दोनचा खेळ.
नोटा पाकिटात गेल्या, बादली रिकामी.
तिच्यात गरम पाणी, मूठभर पावडर,
कॉलर खाली दाबून धरते, बुडबुडे थांबेपर्यंत.
शाई पक्की आहे.
मी आधीच तपासलंय.